साटीन हे चौथं कापड

ताई, मी बारा-तेरा वर्षं घरीच शिवणकाम करते. ब्लाऊज, फ्रॉक, मुलांचे कपडे, शेजारणींची किरकोळ कामं. माझ्या भाचीचं लग्न साडेचार महिन्यांवर आलंय आणि तिला गाऊन मावशीच्याच हातचा हवाय. तिने फोटो दाखवलाय: खांदे उघडे, छातीवर लेस, खाली पायघोळ घेर आणि मागे जमिनीवर लोळणारी ट्रेन. मी हौसेने हो म्हणून बसले. १४० सेंटिमीटर पन्ह्याचं सात मीटर साटीनही आणलं. आता रोज ते कपाटातून काढते, त्यावर हात फिरवते आणि परत ठेवून देते. कात्री लावायचा धीरच होत नाही. कापड बिघडलं तर? ऐन लग्नात काही उसवलं तर? माझ्याच्याने होईल का हे, की आत्ताच नाही म्हणून मोकळी होऊ?
– धास्तावलेली मावशी

मावशी, तुमचा हात थरथरतोय तो बरोबरच थरथरतोय. तुम्ही कामाला चौथ्या पायरीपासून सुरुवात करायला निघालाय, आणि तेरा वर्षं शिवणाऱ्या हाताला ते कळतं. असल्या गाऊनमध्ये पाच कापडं असतात: कच्चा नमुना शिवून बघायला मांजरपाट, आतलं सुती अंग, ऑर्गन्झा हे तलम पण ताठ कापड, साटीन आणि लेस. साटीनची पाळी चौथी. तिथपर्यंत पोचाल तेव्हा मापाचे, फिटिंगचे, पडण्या-घसरण्याचे सगळे प्रश्न आधीच्या तीन कापडांवर सुटलेले असतील आणि साटीन कापणं हे निव्वळ आखलेल्या रेघेवरून कात्री नेणं उरेल. तेव्हा ते कपाटातच राहू द्या. महिनाभर तरी त्याला हात लावायचं कारण नाही.

मांजरपाट आणताना जाडसर बघून आणा. साटीन भरीव असेल आणि मांजरपाट तलम, तर ते तुम्हाला खोटंच सांगणार. त्यावर उभा-आडवा धागा नीट धरून पॅटर्न आखा, छातीची आणि कंबरेची रेघ पेनाने ठळक काढा, आणि मशीनला सगळ्यात लांब टाका लावून भराभर टिपा मारा. अस्तर नको, चेन नको, मागे टाचण्या लावल्या की झालं. खालचा घेर पहिल्या खेपेला गुडघ्यापर्यंत असला तरी चालतो. वरची बॉडी मात्र पूर्ण हवी. ती टकांऐवजी प्रिन्सेस कटमध्ये घ्या, कारण त्यात प्रत्येक शिवणीवर थोडं-थोडं घेता-सोडता येतं आणि पुढे आतल्या पट्ट्या बसवायलाही त्याच शिवणी कामी येतात. छातीवरून कंबरेपर्यंत उतरणाऱ्या उभ्या शिवणींचा हा कट ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला मी सांगायला नको.

ट्रायलला भाचीने लग्नात घालायचेच आतले कपडे आणि तेच बूट घेऊन यायला हवं. 'तसेच दुसरे' चालणार नाहीत. आतला कपडा बदलला की छातीचा उंचवटा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर-खाली होतो आणि नेमकी बसवलेली शिवण भलत्याच जागी जाते. तिला नुसती आरशासमोर उभी करू नका. खुर्चीवर बसवा. दोन्ही हात वर करायला सांगा. जिना चढवा. तुम्हालाच घट्ट मिठी मारायला सांगा, त्या दिवशी ती दुसरं काय करणार आहे? मग सुरकुत्या वाचा. ताणलेली आडवी सुरकुती असेल तर तिथे तंग झालंय. उभी घडी लोंबत असेल तर रुंदी जास्त झालीय. कंबरेच्या वर कापड आडवं मऊ गोळा होत असेल तर बॉडीची उंची जास्त आहे, बहुतेक वेळा पाठीकडे. तिरपी सुरकुती तर बोट दाखवल्यासारखी अडचणीच्या जागेकडे जाते, तिच्या मागे मागे जा. पहिल्या ट्रायलच्या खुणा निळ्या पेनाने करा, दुसरीच्या लाल. तिसरी लागली तर हिरव्या. नाहीतर चार दिवसांनी कुठली रेघ कुठल्या दिवशीची हे तुमचं तुम्हालाच कळत नाही, आणि हे मी अनुभवाने बोलतेय. शेवटी मांजरपाट उसवा, इस्त्री करा, आणि तेच तुकडे तुमचा पॅटर्न. कागदी पॅटर्न विसरून जा.

आता दुसरं कापड. पत्रात याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणून इथे जरा जास्त बोलते.

माझ्या धाकट्या बहिणीचा गाऊन मी शिवला होता, असाच बिनखांद्याचा. साटीन, अस्तर, लेस, सगळं मन लावून केलं. छातीला घट्ट बसला म्हणजे जागेवर राहील असा माझा हिशेब. त्या संध्याकाळच्या निम्म्या फोटोंमध्ये तिचा एक हात छातीवर आहे. लोकांना वाटतं, लाजतेय. ती गाऊन वर ओढत होती. खाली चार मीटर कापडाचं वजन, ट्रेन वेगळी, आणि ते सगळं मी छातीच्या कडेवर टांगलं होतं. छाती वजन धरत नाही, कंबर धरते. कंबरेच्या खाली अंग रुंद होत जातं, म्हणून तिथे बांधलेलं खाली सरकू शकत नाही. एवढी साधी गोष्ट मला बहिणीला तीन तास हात छातीवर ठेवायला लावून कळली.

तर साटीनच्या आत एक वेगळी बॉडी हवी, घट्ट विणीच्या सुती कापडाची. वरच्याच पॅटर्नवर कापलेली, अंगाला जास्त नेमकी बसणारी. तिच्या शिवणींवर पट्ट्यांच्या खोबणी शिवून त्यात बोनिंग, म्हणजे आकार धरून ठेवणाऱ्या ताठ पट्ट्या, घालायचं. वळणदार शिवणींवर स्पायरल स्टीलच्या पट्ट्या, कारण त्या दोन्ही दिशांना वाकतात, आणि मागे चेनच्या दोन्ही बाजूंना सरळ चपट्या. पट्टी खोबणीपेक्षा दोन्ही टोकांना अर्धा सेंटिमीटर आखूड ठेवा, टोकांना टोपी घाला. पुरेपूर लांबीची पट्टी बसली की टोक कापडातून बाहेर येतं आणि काखेत टोचतं.

आणि या आतल्या बॉडीला कंबरेवर एक पट्टी. अडीच सेंटिमीटर रुंदीची जाड ग्रोसग्रेन रिबीन घ्या, जी ओढली तर लांबत नाही. कंबरेला नेमकी बसेल एवढी लांबी ठेवा, आतल्या बॉडीच्या प्रत्येक शिवणीला हाताने पक्की करा, मागच्या उघड्या बाजूला शेवटचे सहा-सात सेंटिमीटर मोकळे सोडा आणि टोकांना दोन दणकट हूक लावा. गाऊन घालताना आधी ते हूक लावायचे, मग चेन ओढायची. सगळा घेर या पट्टीवर उभा राहतो. चेनवर ताण येत नाही, वरची कड छातीवर नुसती टेकून राहते, हात मोकळे. 'ऐन लग्नात उसवलं तर' या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे: चेन दगा देऊन गेली तरी हूक लागलेले आहेत तोवर गाऊन खाली येत नाही. सुईदोरा घेऊन तुम्ही पाच मिनिटांत मागची बाजू टाचून द्याल.

ही आतली बॉडी भाचीच्या अंगावर घालून तिला अर्धा तास घरात वावरू द्या. त्यात ती विसरून गेली की आपण काही घातलंय, तर तुमचा गाऊन झाला म्हणून समजा. वरचं सगळं सजावट.

ऑर्गन्झाबद्दल फार बोलायचं नाही. साटीनच्या प्रत्येक तुकड्याला मागून ऑर्गन्झाचा तसाच तुकडा हाताने धावदोरा घालून जोडायचा आणि पुढे दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवायचं. कंटाळवाणं काम आहे, टाळू नका. त्याने साटीनला बळ येतं, सुरकुत्या कमी पडतात, आतल्या शिवणींचे वळ बाहेर उमटत नाहीत, आणि हेमिंगचा टाका ऑर्गन्झातच अडकवता येतो, म्हणजे साटीनवर बाहेरून एक ठिपकाही दिसत नाही.

आता तुमचं सात मीटर. फोटोतला घेर बघून तुमच्या मनात पूर्ण गोल स्कर्ट असणार. नका करू. साटीनला चमकेची दिशा असते. गोल घेरात पुढे कापड उभं आणि बाजूला आडवं येतं, आणि एकाच रंगाचे दोन पट्टे वेगळ्या रंगाचे वाटतात. शिवाय गोल घेराचा उरेब, म्हणजे तिरप्या धाग्याचा, भाग लोंबून खाली येतो, कड वेडीवाकडी होते. कळ्यांचा घेर घ्या. समजा कंबर ७२ सेंटिमीटर आहे. आठ कळ्या, प्रत्येकी वर ९ आणि खाली ४३. शिलाईला दोन्ही बाजूंना दीड-दीड धरलं तर कळी खाली ४६ ची होते. १४० पन्ह्यात तीन कळ्या शेजारी-शेजारी बसतात, १३८ मध्ये. सगळ्यांची डोकी एकाच दिशेला हवीत, कापड वाचवायला एक सुलटी एक उलटी लावलीत तर चमक लगेच चुगली करेल. पुढच्या आणि बाजूच्या सहा कळ्यांना साधारण ११५ सेंटिमीटरच्या दोन लांब्या लागतील. मागच्या दोन कळ्यांना ट्रेन धरून १६५ ची एक, आणि त्यात दोनच कळ्या असल्याने त्यांना खाली हवं तेवढं रुंद पसरवता येतं. झाले किती? चार मीटरला पाच सेंटिमीटर कमी. कळ्यांच्या मध्ये वरच्या बाजूला जे लांबट त्रिकोण उरतात त्यातून बॉडीचे अरुंद तुकडे आणि कापडी बटणं निघतात. म्हणजे तुमच्याकडे जवळपास तीन मीटर शिल्लक आहे. एखादी कळी कापताना चुकलात, अगदी एक अख्खी लांबी बिघडवलीत, तरी गाऊन होतो. हा हिशेब कागदावर काढून कपाटाच्या दारावर चिकटवा.

कापण्याआधी एका कोपऱ्याला मूठ आवळून मिनिटभर धरा आणि सोडून बघा. १९८१ साली डायनाच्या लग्नात तिच्या टॅफेटाच्या गाऊनची २५ फुटी ट्रेन घोडागाडीत कोंबावी लागली होती, आणि डायना उतरली तेव्हा सुरकुत्या साऱ्या जगाने पाहिल्या. तुमचं साटीन मुठीतून सुटल्यावर तसंच चुरगळलेलं राहिलं तर भाचीने गाडीत कसं बसायचं याचा विचार आत्ताच करा.

साटीन क्षमा करत नाही, हे मात्र खरं. टाचणीचं भोकही लक्षात ठेवतं. म्हणून बारीक टाचण्या, त्याही फक्त शिलाईच्या मायेत, म्हणजे टिपेबाहेरच्या जादा कापडात. मशीनला ७० नंबरची नवी मायक्रोटेक्स, म्हणजे बारीक टोकदार, सुई, आणि आवाज जरा टकटक यायला लागला की बदला. २०११ साली केट मिडलटनच्या गाऊनची लेस हाताने लावणाऱ्या बायका दर अर्ध्या तासाने हात धूत होत्या आणि दर तीन तासांनी सुया बदलत होत्या. आपल्याला एवढं काटेकोर जमणार नाही, पण हात धुवायला कोण अडवतंय? बोटांची त्वचा खरखरीत असेल तर आठवडाभर आधीपासून रात्री क्रीम लावून झोपा. साटीनचा धागा बोटाला अडकून ओढला गेला की ती रेघ जात नाही.

इथेच एक गफलत जवळपास सगळ्यांकडून होते. भाची बारीक-जाड होईल म्हणून आपण बाजूला अडीच-तीन सेंटिमीटर माया ठेवतो, आणि निर्धास्त होतो. ब्लाऊजला ते चालतं. साटीनची टीप उसवून बाहेर सोडली की जुन्या टिपेच्या भोकांची रांग दिसत राहते. तेव्हा माया ठेवाच, पण बॉडीच्या बाजूच्या शिवणी शेवटच्या ट्रायलपर्यंत मशीनवर घेऊ नका. बारीक सुई आणि रेशमी दोऱ्याने हातानेच टाचून ठेवा. त्याने भोक राहत नाही. ती ट्रायल लग्नाआधी दोन-तीन आठवड्यांवर ठेवा. फार आधी घेतलीत तर अंग बदलेल, फार उशिरा घेतलीत तर तुमची झोप जाईल.

इस्त्री उलट बाजूने, वर पातळ सुती फडकं ठेवून. वाफेची इस्त्री आधी चिंधीवर चालवून बघा, साटीन रेशमी असेल तर पाण्याचा थेंब डाग ठेवून जातो. शिवण उघडून दाबताना मायेच्या खाली कागदाच्या पट्ट्या सरकवा, नाहीतर सुलट बाजूला दोन समांतर वळ उमटतात आणि नंतर काही केल्या निघत नाहीत.

लेस शेवटची, आणि हे काम खरं तर मजेचं आहे. लेस कापडासारखी सरळ कापू नका. तिच्यातल्या फुला-पानांच्या कडेकडेने कापा, शिवणीवर एका बाजूची पानं दुसऱ्या बाजूवर चढवा आणि हाताने बारीक टाक्यांनी बसवा, म्हणजे जोड शोधूनही सापडत नाही. फक्त टेबलावर सपाट ठेवून शिवू नका. सपाट बसवलेली लेस छातीच्या गोलाईवर आखूड पडते आणि ओढली जाते. पुतळा नसेल तर बॉडीच्या आत टॉवेलचे गोळे भरून उंचवटा करा आणि त्यावर लेस पसरून टाचा. भाची मणी-मोती मागेल. नाही म्हणा. मण्यांचं वजन आणि मण्यांचा वेळ दोन्ही तुमच्या साडेचार महिन्यांत बसत नाहीत. फार हट्ट केला तर गळ्याच्या कडेला एक ओळ, तीही सगळं झाल्यावर.

घेर जोडून झाला की गाऊन दोन दिवस टांगून ठेवा आणि मगच खालची कड आखा. कळ्यांच्या तिरप्या बाजू थोड्या उतरतात, त्या उतरायच्या तेवढ्या उतरू देत. कड आखताना बूट पुन्हा पायात हवेत. पुढे जमिनीपासून दोन सेंटिमीटर वर, नाहीतर ती पहिल्याच पावलाला स्वतःच्या गाऊनवर पाय देईल. कडेच्या आत क्रिनोलिनची ताठ जाळीदार पट्टी घातलीत तर घेर पायात गुंतत नाही, पुढे ढकलल्यासारखा राहतो. ट्रेन वर उचलायला आत पाच-सहा जागी लूप आणि बटणं द्या. साटीनवर नुसती शिवू नका, पाठीमागे कापडाचा छोटा चौकोन ठेवून पक्की करा. आणि ती कशी अडकवायची हे भाचीच्या एखाद्या मैत्रिणीला आधी दोनदा करायला लावा. तुम्ही त्या दिवशी कुठे असाल कोण जाणे.

राहिला प्रश्न हो की नाही याचा. भाचीला अजून पूर्ण हो म्हणू नका. तिला सांगा, मांजरपाटाच्या शेवटच्या ट्रायलपर्यंत हवे तेवढे बदल सांग, गळा बदल, ट्रेन आखूड कर, बाह्या लाव. त्यानंतर फोटो बंद. साटीन कापल्यावर नवीन फोटो आला तर मावशी तो बघणारसुद्धा नाही. हे आत्ता हसत-हसत सांगितलंत तर नंतर रडत सांगावं लागणार नाही. ट्रायलला तिच्याबरोबर एकच माणूस येऊ दे. चार जणी आल्या तर चार मतं येतात आणि टाचण्या तुमच्या तोंडात असतात, तुम्हाला उत्तरही देता येत नाही.

आतली बॉडी लग्नाआधी दहा आठवडे तिच्या अंगावर नीट बसली, तर पुढे बेधडक जा. नाहीच बसली, तर बॉडी एखाद्या जाणत्या शिंप्याकडून करून घ्या आणि घेर, लेस, ट्रेन, बटणं तुम्ही करा. तरीही तो तुमच्याच हातचा गाऊन असेल, आणि भाचीला त्यातला फरक कळणारही नाही. पण तेरा वर्षं ब्लाऊज शिवणाऱ्या बाईवर ती वेळ येईल असं मला वाटत नाही. छातीच्या मापाशी तुमचं रोजचं काम आहे. घेर तर तुम्ही फ्रॉकला लावतच आलाय.

आजच करायचं काम एकच. ते साटीन घडी करून ठेवलं असेल तर बाहेर काढा आणि जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, वरून जुनी सुती चादर. साडेचार महिने घडीत राहिलं तर घडीची रेघ नेमकी पुढच्या कळीवर येईल. आणि भाचीला बूट लवकर घ्यायला सांगा, मांजरपाटाची ट्रायल त्यांच्यावाचून अडेल.